आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आपत्ती प्रतिसादाचे शिक्षण आणि ऑनलाइन सांघिक सिम्युलेशन : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

सारांश :
आपत्तीच्या प्रसंगी रुग्णालयातील प्रतिसाद हा एका व्यक्तीचा नसून संघाचा असतो. आरोग्यशाखेच्या अभ्यासक्रमांत मात्र आपत्ती व्यवस्थापन हा विषय मुख्यतः माहितीच्या स्वरूपात व प्रत्येक शाखेत स्वतंत्रपणे शिकविला जातो. प्रस्तुत लेखात ऑनलाइन सांघिक सिम्युलेशन या अध्यापन पद्धतीचे स्वरूप, तिची कार्यपद्धती, उपयोग व मर्यादा यांचे विवेचन अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात केले आहे. निर्णय, संवाद व समन्वय ही कौशल्ये या पद्धतीने अल्प खर्चात शिकविता येतात. मात्र ती प्रत्यक्ष तालमीला पूरक आहे, पर्याय नाही, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजशब्द : आपत्ती प्रतिसाद, सांघिक सिम्युलेशन, आरोग्यशिक्षण, ट्रायाज, रुग्णालय सुरक्षा, अहिल्यानगर जिल्हा.

१. प्रस्तावना

दिनांक ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या वेळी विभागात १७ रुग्ण उपचार घेत होते. त्यांपैकी ११ रुग्णांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. राज्य शासनाने चौकशीचे आदेश दिले. पुढे काही अधिकारी व परिचारिकांवर निलंबनाची कारवाई झाली, पोलिसांनी एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह काही परिचारिकांना अटक केली आणि परिचारिकांच्या संघटनांनी या अटकेचा निषेध केला.

सदर घटना एकटी नव्हती. त्याच वर्षी ९ जानेवारी रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली. २१ एप्रिल रोजी नाशिक येथील महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली व पुरवठा खंडित होऊन २० हून अधिक रुग्णांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर दोनच दिवसांनी विरार येथील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून किमान १३ रुग्ण मृत्युमुखी पडले. एका वर्षात एकाच राज्यात घडलेल्या या घटनांनी रुग्णालय हे आपत्तीतील आश्रयस्थान असते, या समजुतीला तडा दिला. रुग्णालय हेच आपत्तीचे ठिकाण होऊ शकते, हे त्यांतून स्पष्ट झाले.

अशा घटनांनंतर वीजयंत्रणा, अग्निरोधक साधने व बांधकाम यांची चर्चा होते आणि ती आवश्यकच आहे. जबाबदारी कोणाची, याचाही शोध घेतला जातो. परंतु एक प्रश्न बहुधा मागे राहतो. आग लागली त्या क्षणी विभागात जे उपस्थित असतात, त्यांना अशा प्रसंगी काय करावे याची तालीम कधी मिळालेली असते काय? रात्रपाळीला, सणासुदीला किंवा सुट्टीच्या दिवशी विभागात वरिष्ठ क्वचितच असतात. असतात ते बहुतेक नव्याने सेवेत आलेल्या परिचारिका, आंतरवासिता करणारे डॉक्टर, पदव्युत्तर विद्यार्थी आणि कंत्राटी कर्मचारी. म्हणजे आज वर्गात बसलेला विद्यार्थीच वर्ष-दोन वर्षांत त्या जागी उभा राहणार असतो. त्याला जे शिकवायचे ते त्या आधीच शिकविले पाहिजे. या दृष्टीने ऑनलाइन सांघिक सिम्युलेशन या पद्धतीचा विचार करणे उपयुक्त ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्यांना आपत्ती प्रतिसादाचे शिक्षण देण्याची गरज स्पष्ट करणे.
२) ऑनलाइन सांघिक सिम्युलेशनची संकल्पना व कार्यपद्धती नमुना प्रसंगांच्या आधारे समजावून सांगणे.
३) या पद्धतीच्या मर्यादा तपासून काही शिफारशी करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेल्या दुय्यम माहितीचा आधार घेतला आहे. नमुना म्हणून दिलेले प्रसंग व त्यांतील आकडे कल्पित आहेत. त्यांचा कोणत्याही प्रत्यक्ष घटनेशी वा रुग्णालयाशी संबंध नाही.

३. जिल्ह्याचा संदर्भ

अहमदनगर जिल्ह्याचे नामांतर २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ असलेला हा जिल्हा क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. त्यात १४ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा डोंगराळ व अतिपावसाचा प्रदेश, तर दक्षिणेला व पूर्वेला कर्जत, जामखेड, पाथर्डी हा अवर्षणप्रवण पट्टा अशी त्याची भौगोलिक रचना आहे.

दुष्काळी जिल्हा अशी ओळख असली तरी येथील संभाव्य आपत्तींचे स्वरूप विविध आहे. कोपरगाव परिसराला गोदावरीच्या पुराचा आणि अहिल्यानगर शहराला सीना नदीच्या पुराचा धोका असतो. पुणे-नाशिक महामार्गावरील चंदनापुरी घाट आणि नगर-मनमाड मार्ग यांवरील अवजड वाहतुकीमुळे एकाच वेळी अनेक जखमी रुग्णालयात येण्याची शक्यता नेहमीच असते. सुपे येथील औद्योगिक वसाहत व जिल्हाभर पसरलेले साखर कारखाने यांमुळे औद्योगिक अपघातांचाही विचार करावा लागतो. शिर्डी व शनिशिंगणापूर येथे वर्षभर गर्दी असते. नाशिक येथे २००३ च्या कुंभमेळ्यात २७ ऑगस्ट रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता, तर सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे २५ जानेवारी २००५ रोजी अडीचशेहून अधिक भाविक बळी पडले. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकला येणाऱ्या भाविकांचा ओघ शिर्डी-शिंगणापूरकडेही वळणे साहजिक आहे. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातील गर्दी ही या जिल्ह्याच्याही तयारीची बाब ठरते.

दुसऱ्या बाजूने पाहता जिल्ह्यात आरोग्यशिक्षणाच्या संस्था पुरेशा आहेत. राहाता तालुक्यातील लोणी येथे व शहराजवळ विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांखेरीज परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार, आयुर्वेद व होमिओपॅथी या शाखांची महाविद्यालये विविध तालुक्यांत विखुरलेली आहेत. आपत्तीच्या वेळी ज्यांनी एकत्र काम करावयाचे, ते विद्यार्थी शिक्षणाच्या काळात मात्र क्वचितच एकत्र येतात. परिचर्येच्या विद्यार्थिनीने वैद्यकीयच्या विद्यार्थ्यासोबत एखादा प्रश्न सोडविला आहे, असे सहसा घडत नाही. ऑनलाइन माध्यमाचा खरा उपयोग येथे आहे. ते अंतर कमी करते आणि शाखांमधील भिंतही ओलांडते.

४. अभ्यासक्रमातील स्थान

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये संमत झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००७ मध्ये वैद्यकीय सज्जता व सामूहिक जीवितहानीच्या प्रसंगांचे व्यवस्थापन यांविषयी आणि २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१९ पासून देशात लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या ज्या पाच भूमिका सांगितल्या आहेत, त्यांत आरोग्यसंघाचा नेता व सदस्य ही एक भूमिका आहे. म्हणजे धोरणाच्या पातळीवर या विषयाची दखल घेतलेली आहे.

तथापि हा विषय प्रत्यक्षात कसा शिकविला जातो, हे पाहणे आवश्यक आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमात तो मुख्यतः समाजवैद्यकशास्त्रात येतो. आपत्तीची व्याख्या, आपत्ती व्यवस्थापनाचे चक्र, मानवनिर्मित आपत्ती, राष्ट्रीय प्राधिकरणाची रचना असे त्याचे घटक आहेत. हे सर्व घटक व्याख्यानातून शिकविता येण्याजोगे व लेखी परीक्षेत विचारता येण्याजोगे आहेत. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय क्षमतेच्या मूल्यमापनासाठी चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला. माहीत असणे, कसे करावयाचे ते माहीत असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष कामात करणे अशा त्या चार पायऱ्या होत. आपत्तीविषयक शिक्षण बहुतांशी पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते, असे म्हणता येईल. ‘आपत्ती व्यवस्थापन चक्राचे टप्पे लिहा’ या प्रश्नाला पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी धुराने भरलेल्या विभागात पहिले वाक्य काय बोलेल, हे त्या गुणांवरून कळत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन किंवा शिरेतून सलाइन लावणे ही व्यक्तीची कौशल्ये आहेत. ती पुतळ्यावर एकट्याने शिकता येतात. आपत्ती प्रतिसाद मात्र पाच-सहा व्यक्तींच्या परस्परसंबंधांत घडतो. त्यातील प्रत्येक जण निष्णात असूनही संघ अपयशी ठरू शकतो. विमान वाहतूक क्षेत्राला हा धडा मोठी किंमत मोजून शिकावा लागला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ प्रवासी व कर्मचारी मृत्युमुखी पडले. वैमानिक अनुभवी होते, विमाने सुस्थितीत होती. परंतु दाट धुके, संदिग्ध संदेश आणि वरिष्ठ वैमानिकापुढे कनिष्ठ सहकाऱ्याची शंका न टिकणे या गोष्टी एकत्र आल्या. त्यानंतर वैमानिकांना सांघिक संवादाचे रीतसर प्रशिक्षण देण्यास चालना मिळाली आणि पुढे वैद्यकीय क्षेत्रानेही ते तत्त्व स्वीकारले.

५. ऑनलाइन सांघिक सिम्युलेशन : संकल्पना

सिम्युलेशन म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगाची सुरक्षित वातावरणात केलेली हुबेहूब तालीम. ते अनेक प्रकारे करता येते. महागड्या यांत्रिक पुतळ्यांवर, रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तींवर, टेबलाभोवती बसून नकाशाच्या साहाय्याने किंवा संगणकाच्या पडद्यावर. ऑनलाइन सांघिक सिम्युलेशनमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी असलेले विद्यार्थी एकाच वेळी दूरदृश्य बैठकीत एकत्र येतात, प्रत्येकाला ठरावीक भूमिका दिली जाते आणि प्रसंग घड्याळाच्या काट्याबरोबर पुढे सरकत जातो. दर काही मिनिटांनी प्रशिक्षक नवी माहिती देतो. ती सर्वांना सारखी मिळत नाही. जी बाब परिचारिकेला दिसते ती नियंत्रण कक्षाला दिसत नाही. त्यामुळे बोलल्याशिवाय, विचारल्याशिवाय काम पुढे जात नाही. हेच या पद्धतीचे मर्म होय.

यासाठी लागणारी साधने सामान्य आहेत. झूम किंवा गुगल मीटसारखी बैठकीची सुविधा, त्यातील स्वतंत्र कक्ष, सर्वांना दिसणारा खाटांचा तक्ता आणि निरोपासाठी व्हॉट्सॲपचा गट एवढ्यावर प्रसंग उभा राहतो. मार्च २०२० नंतर महाविद्यालये बंद असताना विद्यार्थी व अध्यापक या साधनांना सरावले. मात्र त्या काळात त्यांचा उपयोग प्रामुख्याने व्याख्यान देण्यासाठी झाला. एक जण बोलतो व शंभर जण ऐकतात, ही वर्गातील रचनाच पडद्यावर आली. सांघिक सिम्युलेशनमध्ये ही रचना उलट होते. विद्यार्थी बोलतात, निर्णय घेतात, चुकतात आणि प्रशिक्षक ऐकतो.

६. नमुना प्रसंग : अतिदक्षता विभागातील आग

पद्धत स्पष्ट होण्यासाठी पुढील कल्पित प्रसंग विचारात घेता येईल. एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात १० रुग्ण आहेत. त्यांपैकी ३ रुग्ण आधार दिल्यास चालू शकतात, ४ रुग्ण ऑक्सिजन मास्कवर आहेत आणि ३ व्हेंटिलेटरवर आहेत. रविवारची दुपार आहे. विभागात एक डॉक्टर, तीन परिचारिका व एक कक्षसेवक असे पाच जण उपस्थित आहेत. खाट क्रमांक सातजवळील वातानुकूलन यंत्रातून धूर येऊ लागतो.

दहा विद्यार्थ्यांचा एक संघ केला जातो. पाच जणांना विभागातील भूमिका मिळतात. इतरांना शेजारच्या कक्षातील परिचारिका, सुरक्षारक्षक, रुग्णालयाचा वीजतंत्री, अग्निशमन दलाचा नियंत्रण कक्ष व एका रुग्णाचा नातेवाईक या भूमिका दिल्या जातात. वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण व भौतिकोपचार या शाखांचे विद्यार्थी मिसळलेले असावेत आणि काही वेळा भूमिका मुद्दाम उलट द्याव्यात. वैद्यकीयच्या विद्यार्थ्याने कक्षसेवकाची भूमिका केली म्हणजे आदेश कसे ऐकू येतात, याचा अनुभव त्याला येतो. एकूण दीड तासांपैकी १५ मिनिटे पूर्वसूचनेसाठी, ३० मिनिटे प्रसंगासाठी व ४५ मिनिटे पश्चात चर्चेसाठी राखावीत.

प्रसंग सुरू होताच पहिला निर्णय समोर येतो : आधी काय? रुग्णाला धोक्यातून हलविणे, इशारा देणे, दार बंद करून आग व धूर कोंडणे आणि शक्य असल्यास विझविणे हा सर्वमान्य क्रम विद्यार्थ्यांनी वाचलेला असतो. परंतु पाच जणांमध्ये हा क्रम वाटून द्यावा लागतो, हे वाचताना ध्यानात येत नाही. सर्व जण सातव्या खाटेकडे धावले, तर इशारा कोणीच देत नाही.

येथे एक साधे गणित विद्यार्थ्यांपुढे ठेवता येते. चालू शकणाऱ्या तिघांना एक जण २ मिनिटांत बाहेर नेऊ शकतो, मास्कवरील प्रत्येक रुग्णासाठी दोघांना ३ मिनिटे लागतात आणि व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णासाठी तिघांना ५ मिनिटे लागतात, असे परत येण्याच्या वेळेसह धरू. म्हणजे अनुक्रमे २, २४ व ४५ अशी एकूण ७१ मनुष्य-मिनिटे लागतील. पाच जणांनी एक क्षणही वाया न घालविता काम केले तरी १४ मिनिटांहून अधिक वेळ जाईल. मात्र पहिल्याच मिनिटाला शेजारच्या कक्षांना हाक दिली व चौथ्या मिनिटाअखेर आणखी पाच जण आले, तर तोवर २० मनुष्य-मिनिटांचे काम झालेले असेल व उरलेले ५१ मनुष्य-मिनिटांचे काम दहा जण सुमारे ५ मिनिटांत करतील. एकूण वेळ ९ मिनिटांवर येईल. धुराने भरत चाललेल्या खोलीत हा पाच मिनिटांचा फरक निर्णायक असतो. कोणाच्याही शारीरिक बळापेक्षा पहिल्या मिनिटातील एक हाक अधिक रुग्ण वाचविते, हे विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. ते त्याला स्वतःलाच दिसते.

दुसरा निर्णय क्रमाचा आहे. नेहमीच्या उपचारात सर्वाधिक अत्यवस्थ रुग्णाकडे प्रथम लक्ष दिले जाते. आगीत प्रथम हलवायचा तो आगीच्या सर्वांत निकट असलेला रुग्ण. त्यानंतर धोका सर्वांना सारखाच असेल, तर कमी मनुष्यबळात व कमी वेळात हलविता येणारे रुग्ण आधी नेल्यास वाचणाऱ्यांची संख्या वाढते. हा विचार विद्यार्थ्यांना अस्वस्थ करतो व करावयासही हवा. ज्याचा जीव यंत्रावर आहे त्याला मागे ठेवण्याचा निर्णय कोणी, कोणत्या आधारावर घ्यावा, याची चर्चा शांत वेळी झालेली नसेल, तर ती आगीत होऊ शकत नाही. रुग्णांना थेट इमारतीबाहेर न नेता त्याच मजल्यावरील दारापलीकडच्या सुरक्षित भागात नेणे हे पहिले पाऊल असते, हेही याच टप्प्यावर उमजते.

तिसरा निर्णय ऑक्सिजनचा आहे. ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेल्या हवेत आग वेगाने भडकते. म्हणून विभागाचा व्हॉल्व्ह बंद करणे इष्ट असते. परंतु तो बंद करताच सात रुग्णांचा प्राणवायू थांबतो. येथे प्रशिक्षक वीजतंत्र्याच्या भूमिकेतील विद्यार्थ्याला केवळ एवढाच निरोप देतो : ‘व्हॉल्व्हजवळ पोहोचलो आहे, बंद करू का?’ संघातील कोणीच स्पष्ट उत्तर न दिल्यास तो थांबून राहतो किंवा स्वतःच्या मताने बंद करतो. दोन्ही परिणाम घातक असू शकतात. हलवावयाच्या रुग्णांसाठी अम्बू बॅग व लहान सिलिंडर तयार आहेत काय, हे परिचारिकेला विचारून, ‘दोन मिनिटांनी बंद करा, त्याआधी मी पुन्हा सांगेन’ असे सांगणारा एक आवाज संघात असावा लागतो. तो आवाज कोणाचा, हे आधी ठरलेले असावे लागते.

७. संवादाची भाषा व पश्चात चर्चा

आपत्तीत निरोप देण्याच्या काही पद्धती जगभर रूढ झाल्या आहेत. निरोप ठरावीक व्यक्तीला नाव घेऊन द्यावा, ऐकणाऱ्याने तो उलट उच्चारावा आणि काम झाल्यावर झाले असे कळवावे, ही त्यांतील पहिली पद्धत होय. ‘कोणीतरी अग्निशमनला फोन करा’ या वाक्याने अनेकदा कोणीच फोन करीत नाही. दुसरी पद्धत म्हणजे स्थिती, पार्श्वभूमी, अंदाज व मागणी या चार पायऱ्यांनी माहिती देणे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेला, जी राज्यात जानेवारी २०१४ पासून सुरू आहे, किंवा दुसऱ्या रुग्णालयाला रुग्ण पाठविताना ही पद्धत विशेष उपयोगी पडते.

येथे भाषेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आरोग्यशाखेची पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत. परंतु कक्षसेवक, सफाई कामगार, सुरक्षारक्षक व नातेवाईक यांच्याशी बोलावयाचे ते मराठीत. परप्रांतांतून आलेल्या विद्यार्थ्यांना ही अडचण अधिक जाणवते. म्हणून सदर सिम्युलेशन मराठीत घेणे हितावह ठरते. ‘खाट उचला’, ‘दार लावून घ्या’, ‘ओल्या कापडाने नाक झाका’, ‘खाली वाकून चला’ अशी लहान व निःसंदिग्ध वाक्ये तालमीतूनच जिभेवर बसतात.

सिम्युलेशनचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्यानंतर होणारी चर्चा. ती न झाल्यास प्रसंग हा केवळ खेळ ठरतो. चर्चेचे तीन टप्पे करता येतात. प्रथम सहभागींना काय वाटले ते मोकळेपणाने सांगू द्यावे. मग प्रसंग मिनिटागणिक तपासून प्रत्येक निर्णयामागील विचार समजून घ्यावा. शेवटी प्रत्येकाने पुढील वेळी काय वेगळे करीन ते एका वाक्यात सांगावे. ऑनलाइन माध्यमाचा येथे एक विशेष लाभ आहे. बैठकीचे ध्वनिचित्रमुद्रण, सर्वांच्या संमतीने, लगेच पाहता येते. पहिली हाक कोणत्या मिनिटाला दिली गेली, यावर वाद घालावा लागत नाही.

या चर्चेत प्रशिक्षकाची भूमिका परीक्षकाची नसावी. ‘तू फोन का केला नाहीस?’ आणि ‘त्या क्षणी तुला काय दिसत होते?’ या दोन प्रश्नांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रश्नाला विद्यार्थी बचाव करतो, तर दुसऱ्या प्रश्नातून कळते की क्रमांक त्याच्याजवळ नव्हता, तो भिंतीवर लावलेला नव्हता, किंवा फोन डॉक्टर करतील असे त्याने गृहीत धरले होते. चूक व्यक्तीची वाटते. तिचे मूळ अनेकदा व्यवस्थेत सापडते. त्याचप्रमाणे कनिष्ठ परिचारिकेला योग्य गोष्ट सुचलेली असूनही ती ‘सर’ किंवा ‘मॅडम’ यांच्यासमोर बोलली नाही, हे चर्चेत वारंवार पुढे येण्याचा संभव असतो. आपल्याकडील वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची रीत सोडून देण्याची गरज नाही. परंतु ‘सर, मला धोका वाटतो, थांबा’ हे वाक्य आदर राखूनही उच्चारता येते, याचा सराव मात्र हवा. प्रत्यक्ष दुर्घटनेनंतर हे प्रश्न पोलीस, चौकशी समिती व न्यायालय विचारतात आणि तेव्हा उत्तर देणारी व्यक्ती बहुधा एकटी असते. तेच प्रश्न वर्गात, सहकाऱ्यांसोबत, कोणाचा जीव गेलेला नसताना विचारले जाणे हा शिक्षणाचा धर्म होय.

८. दुसरा प्रसंग : अनेक जखमी व रुग्णवर्गीकरण

चेंगराचेंगरी वा बस अपघातानंतरच्या प्रतिसादाचे स्वरूप वेगळे असते. तेथे रुग्ण अनेक व उपचार करणारे थोडे असतात. अशा वेळी ट्रायाज, म्हणजे प्राधान्यक्रमानुसार रुग्णांचे वर्गीकरण करावे लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९८३ मध्ये विकसित झालेली ‘स्टार्ट’ ही पद्धत त्यासाठी प्रसिद्ध आहे. चालू शकणाऱ्यांना हिरवी खूण दिली जाते. जो श्वास घेत नाही त्याचा श्वासमार्ग मोकळा करून पाहिला जातो. तरीही श्वास नसेल तर काळी आणि श्वास सुरू झाला तर लाल खूण दिली जाते. श्वासाचा वेग मिनिटाला ३० हून अधिक असेल, मनगटाची नाडी लागत नसेल किंवा साध्या सूचना पाळता येत नसतील तरीही लाल; उर्वरितांना पिवळी खूण मिळते. एका रुग्णासाठी अर्धा ते एक मिनिट एवढाच वेळ अपेक्षित असतो.

ऑनलाइन सिम्युलेशनमध्ये ३० कल्पित जखमींची माहितीपत्रके क्रमाने पडद्यावर येतात. एका महाविद्यालयाचा संघ घटनास्थळी, दुसऱ्याचा ग्रामीण रुग्णालयात व तिसऱ्याचा मोठ्या रुग्णालयात असल्याची कल्पना केली जाते. घटनास्थळाच्या संघाने सर्व लाल रुग्ण एकाच रुग्णालयाकडे पाठविले, तर ते रुग्णालय कोलमडते आणि दुसरे मोकळे राहते, हे काही मिनिटांतच दिसून येते. जखमींची वाटणी हाही उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व अशा प्रकारे अनुभवास येते. जिल्ह्यातील तीन तालुक्यांत बसलेल्या विद्यार्थ्यांनी केलेली ही तालीम प्रत्यक्ष परिस्थितीशी अधिक जुळणारी असते, कारण खऱ्या आपत्तीतही हे तीन संघ एकमेकांना पाहू शकत नाहीत; त्यांना केवळ निरोपावर विसंबावे लागते.

९. मर्यादा

या पद्धतीच्या मर्यादा स्पष्टपणे मान्य केल्या पाहिजेत. पडद्यावर धूर डोळ्यांत जात नाही, अंधार होत नाही आणि ऐंशी किलो वजनाचा रुग्ण उचलावा लागत नाही. अग्निशामक नळकांड्याची पिन ओढणे, चादरीवरून रुग्ण ओढत नेणे, अम्बू बॅग दाबत चालणे ही हातांची कौशल्ये प्रत्यक्षच शिकावी लागतात. ऑनलाइन तालमीत यशस्वी झालेल्या विद्यार्थ्याला आपण सर्व काही शिकलो असा भ्रम होण्याचीही शक्यता असते.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागासारख्या ठिकाणी इंटरनेटची जोडणी खात्रीची नसते आणि सर्व विद्यार्थ्यांकडे चांगली साधने असतीलच असे नाही. यावर उपाय म्हणून चित्र बंद ठेवून केवळ आवाजावर प्रसंग चालविता येतो. अनेकदा एखाद्याची जोडणी तुटणे हाच प्रसंगाचा भाग मानता येतो. खऱ्या आपत्तीतही फोन लागत नाहीत. त्या वेळी त्याची जबाबदारी कोणी उचलली, हा चर्चेचा चांगला मुद्दा ठरतो. तिसरी मर्यादा मनुष्यबळाची आहे. दहा विद्यार्थ्यांच्या एका संघाला किमान दोन प्रशिक्षित अध्यापक लागतात. शंभर विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी हे काम सोपे नाही. तसेच ज्यांनी स्वतः वा कुटुंबीयांनी अशी दुर्घटना अनुभवली आहे, त्यांना सहभागातून माघार घेण्याची मुभा असली पाहिजे.

१०. शिफारशी

१) जिल्ह्यातील आरोग्यशाखेच्या महाविद्यालयांनी प्रत्येक सत्रात किमान एक आंतरशाखीय ऑनलाइन सिम्युलेशन संयुक्तपणे घ्यावे. आंतरवासिता व परिचर्येचे अंतिम वर्ष सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याचा त्यात एकदा तरी सहभाग असावा.
२) ऑनलाइन तालमीनंतर प्रत्यक्ष तालीम घ्यावी. १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात हुतात्मा झालेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यासाठी योग्य काळ होय.
३) महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निसुरक्षा साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. साधनांच्या तपासणीप्रमाणेच माणसांच्या तालमीचेही वेळापत्रक त्याला जोडून घ्यावे.
४) सिम्युलेशनला गुण देऊ नयेत. सहभाग व स्वतःच्या शिकण्याची लेखी नोंद एवढीच अट असावी.
५) प्रसंग मराठीत लिहावेत व त्यांत कक्षसेवक, सुरक्षारक्षक, सफाई कामगार यांनाही सहभागी करून घ्यावे.
६) चर्चेतून पुढे आलेल्या व्यवस्थेतील उणिवा, उदाहरणार्थ न लावलेले दूरध्वनी क्रमांक, बंद दारे, अपुरे लहान सिलिंडर, संबंधित रुग्णालयाच्या प्रशासनाला लेखी कळवाव्यात.

११. समारोप

आपत्ती सांगून येत नाही, हे खरे. परंतु तिच्यासमोर प्रथम कोण उभे राहणार, हे बऱ्याच अंशी आधीच माहीत असते. ते आजचे विद्यार्थी आहेत. त्यांना व्याख्या व चक्रे शिकवून पदवी देणे आणि नंतर धुराच्या खोलीत त्यांच्याकडून सुसूत्र कृतीची अपेक्षा करणे न्याय्य म्हणता येणार नाही. ऑनलाइन सांघिक सिम्युलेशन आग विझवीत नाही व सदोष वीजजोडणीही दुरुस्त करीत नाही. ते एवढेच करते की पहिल्या मिनिटात कोणी कोणाला हाक मारावयाची, कोणता निर्णय कोणाचा आणि न पटल्यास कसे बोलावयाचे, हे पाच-दहा तरुणांना एकदा एकत्र अनुभवू देते. भाऊबीजेच्या त्या सकाळी या जिल्ह्याने जे गमावले ते परत मिळणार नाही. मात्र अशा सकाळी कामावर असलेल्या परिचारिकेला व डॉक्टरला हा प्रसंग आयुष्यात प्रथमच दिसतो आहे, अशी वेळ येऊ नये, एवढी व्यवस्था जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आवाक्यात निश्चितच आहे.